मदत हवी आहे: ८ गुंठे काळी जमीन, बागेसाठी डिझायनर लावावा की गवंडी-माळ्यावर भागेल?

वणाकाठ:
नमस्कार मंडळी. हिंगणघाट तालुक्यात गावाला लागून ८ गुंठे जागा आहे. घर १५०० चौरस फुटांत, बाकी सगळं मोकळं. काळी माती साडेतीन-चार फूट, खाली मुरूम. रस्ता उंच झाल्याने पावसाचं पाणी घराकडे उतरतं. बोअर आहे, पण मे महिन्यात अर्धा-पाऊण तासच चालते. हवं ते असं: २००० चौरस फूट लॉन, गेटपासून घरापर्यंत पेव्हर ब्लॉक, सात-आठ मोठी झाडं, भिंतीला लागून फुलझाडं. नागपूरचे एक डिझायनर नकाशाचे वेगळे पैसे मागतात. दुसरीकडे एक नर्सरीवाले म्हणतात, डिझाइन फुकट, काम मात्र पूर्ण आमच्याकडून. गावात गवंडी आणि माळी दोघंही चांगले आहेत. काय करावं?

मुरूमखाण:
वणाकाठभाऊ, झाडं-फुलं बाजूला ठेवा. तुमच्या जागेचा खरा प्रश्न पाण्याचा उतार आहे, आणि डिझायनरला पैसे द्यायचे तर त्याच्यासाठी द्या. तासाभरात ५० मिमी पाऊस पडला तर तुमच्या मोकळ्या जागेवर ३३ हजार लिटर आणि छतावर ७ हजार लिटर पाणी येतं. रस्त्याचं वेगळंच. ते कुठून जाणार हे कागदावर ठरल्याशिवाय एकही ब्लॉक बसवू नका.

आधी गवंड्याकडून लेवल पाइपने (पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने) जमिनीच्या उंच-सखलपणाचे आकडे घेऊन ठेवा. दर १० फुटांवर चुन्याची खूण, घराचा जोता म्हणजे शून्य. मोकळ्या जागेत सत्तरेक आकडे होतील, एका दिवसाचं काम. ते हातात असले की डिझायनरची एक चक्कर वाचते आणि तो खरंच नकाशा वाचतो की नुसती रंगीत चित्रं काढतो, तेही कळतं. त्याच्याकडून एवढं मागा: घरापासून पहिल्या १० फुटांत ५-६ इंच उतार, रस्त्याच्या बाजूने आडवी चर, चरीचं पाणी कुठे सोडायचं, ब्लॉकखालचे थर, आणि ब्लॉकच्या वाटेखालून ३ इंची पीव्हीसी पाइप कुठे टाकून ठेवायचे. हे पाइप विसरले तर पुढे ठिबकची नळी न्यायला ब्लॉक उखडावे लागतात. शोषखड्डा दाखवला तर तो मुरमापर्यंत जातो का ते विचारा. काळ्या मातीतच थांबवला तर तो भरून उभा राहतो, जिरत काही नाही.

ब्लॉकबद्दल: काळी माती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते. नुसती चोपून वर ब्लॉक बसवले तर पहिल्याच पावसाळ्यात रस्ता लाटा मारतो. फूट-दीड फूट माती काढा, ६-६ इंचांच्या थरांत मुरूम भरा, प्रत्येक थर पाणी मारून रोलरने दाबा, दोन्ही कडांना काँक्रीटची पट्टी द्या. आणि भिंतीला लागून फुलझाडं नकोच. रोजच्या पाण्याने पायाखालची माती एका बाजूनेच फुगते, भिंतीला तिरप्या भेगा जातात. जोत्याभोवती ३ फूट पक्की पट्टी ठेवा, वाफे त्याच्यापुढे.

वऱ्हाडीपाटील:
भाऊ, लॉनचं पयले मनातून काढा. मे मईन्यात लॉनले रोज ७-८ मिमी पाणी लागते. १ मिमी म्हणजे एका चौरस मीटरले १ लिटर. २००० फूट म्हणजे १८६ मीटर, म्हणजे रोज तेराशे ते पंधराशे लिटर, आन् फवाऱ्यानं वाऱ्यावर उडते ते वेगळं. तुमची बोअर २०० लिटरचा ड्रम किती वेळात भरते ते एप्रिलात मोजा, मंग बोला. ४०० फूट लॉन ठेवा, तेबी हराळीचं. बाकी जागेत झाडं. नागपूरवाला हा हिशेब करत नसन तर त्याले चहा पाजून परत पाठवा.

खारपाण_दर्यापूर:
डिझायनर ठरवण्याआधी माती आणि पाणी तपासून घ्या. वर्ध्याजवळ सेलसुऱ्याचं कृषी विज्ञान केंद्र तुम्हाला जवळ पडेल, तिथे चौकशी करा. झाडांसाठी एकच वरवरचा नमुना पुरत नाही, १, २ आणि ३ फुटांचे वेगवेगळे अर्धा-अर्धा किलो न्या. पीएच (सामू), ईसी (क्षारांचं प्रमाण), सेंद्रिय कर्ब आणि मुक्त चुना मागा. चुना १० टक्क्यांच्या वर असेल तर संत्रा-लिंबू नको. पीएच ८ च्या वर असेल तर अनंत आणि इक्झोरा यादीतून काढा. अशा जमिनीत लोह असूनही मुळांना मिळत नाही, नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. नर्सरीत मात्र ही दोन झाडं हमखास गळ्यात मारतात. बोअरच्या पाण्याचा नुसता टीडीएस (एकूण विरघळलेले क्षार) पाहू नका, सोडियम आणि बायकार्बोनेट पाहा. आमच्या खारपाणपट्ट्याएवढा (खाऱ्या भूजलाच्या भागाएवढा) त्रास तुमच्याकडे नसेल, पण सोडियम जास्त असेल तर रोजच्या पाण्याने चांगली काळी मातीही चोपण (घट्ट, पाणी न जिरणारी) होते.

निचरा पाहायला फूटभर खड्डा करून पाणी भरतात, त्यात एक गफलत होते. उन्हाळ्यात भेगा पडलेल्या असतात, पाणी भेगांतून पळतं आणि निचरा उत्तम वाटतो. एक दिवस भिजवत ठेवा, भेगा मिटू द्या, मग पुन्हा भरून मोजा.

पळसफूल:
'फुकट डिझाइन'चे पैसे रोपांत आणि लॉनच्या चौरस फुटांत वसूल होतात, म्हणून अशा नकाशात लॉन मोठं आणि झाडं दाट असतात. तीन वर्षांनी निम्मी काढावी लागतात. नकाशा विकत घ्या, लागवड तुमच्या माळ्याकडून करा. रोपांच्या यादीत शास्त्रीय नाव, पिशवीचा आकार, उंची, दोन झाडांतलं अंतर आणि नग लिहून मागा. 'शोभेची झाडं, १ लॉट' असं लिहिलेलं असेल तर सही करू नका.

काम नर्सरीवाल्यांनाच देणार असाल तर हमीची तारीख नीट बघा. जुलैत लागवड आणि सहा महिन्यांची हमी म्हणजे जानेवारीत संपली. आपल्याकडे झाड मरतं एप्रिल-मेमध्ये. हमी पुढच्या जूनअखेरपर्यंत लिहून घ्या आणि १० ते १५ टक्के रक्कम तोवर अडकवून ठेवा. याला तयार नसेल तो आपल्या कामाचा नाही.

वणाकाठ:
ताई, हमीचं लक्षातच आलं नव्हतं. लॉन ४०० फुटांवर आणतो, नकाशा विकत घेतो. मोठी झाडं कोणती आणि केव्हा लावायची? गावात शेळ्या मोकळ्या फिरतात, रोहीही (नीलगायी) येतात.

खारपाण_दर्यापूर:
अहवाल आल्यावर पक्कं करा, पण कडुनिंब, बहावा, कांचन, आवळा, सीताफळ काळ्या मातीत चालतात. घरापासून कडुनिंब निदान २० फूट. खड्डा २ बाय २ बाय २, मे महिन्यात खोदून उन्हात तापू द्या. भरताना काढलेलीच माती आणि दोन घमेली कुजलेलं शेणखत, बस. नुसती पोयटा माती भरली तर भोवतालची चिकण माती पाणी धरते आणि मुळं आत सडतात. रोप जमिनीच्या ६ इंच वर उंचवट्यावर बसवा. मृगाच्या पहिल्या सरीवर घाई नको, ७५ ते १०० मिमी पाऊस होऊन ओल खाली गेली की लावा, कारण मधल्या उघडिपीत कोवळी रोपं जातात.

कुंपणाच्या आतून कण्हेर लावता येते, शेळी तोंड लावत नाही. पण ती विषारी आहे, छाटलेल्या फांद्या गुरांच्या गव्हाणीजवळ पडू देऊ नका. रोहीला मात्र ६ फुटी जाळीच लागते.

मुरूमखाण:
जाळीचे खांब चर खोदून झाल्यावर रोवा. आधी रोवले तर ट्रॅक्टर आत येत नाही.