ओबीएमला (आउटबोर्ड मोटर, बोटीच्या मागे लावायचं इंजिन) एक नंबर थंड स्पार्क प्लग टाकावा की इंजिनाच्या पुस्तकातलाच? शिवसागर (कोयनेचा जलाशय) आणि कृष्णेचा पूर, दोन्ही धरून बोला

कृष्णाकाठ_ओबीएम (सांगली)
टू-स्ट्रोक आउटबोर्ड घेतलं की पहिला सल्ला मिळतो, "एक नंबर थंड प्लग टाका, इंजिन सेफ राहतं." पुराच्या कामाला हा सल्ला घातक आहे, असं माझं ठाम मत आहे.

प्लगचं टोक साधारण ४५० अंश सेल्सियसच्या वर गेलं तरच स्वतःवरची काजळी जाळतं. ८५० ते ९०० च्या पुढे गेलं तर ठिणगी पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. एका हीट नंबरने (प्लग उष्णता किती लवकर सोडतो त्याचा आकडा; थंड प्लग लवकर सोडतो) टोकाचं तापमान ७० ते १०० अंशांनी सरकतं. आता पुरातलं काम बघा. गल्लीतून, तारांखालून, बुडालेल्या गाड्यांच्या कडेने बोट तासन् तास स्लोवर. त्यात नदीचं गार पाणी हेडमधून फिरतंय. तिथे सातच्या जागी आठ नंबर टाकला तर टोक ४५० ला पोचतच नाही. तेल साचतं, प्लग ओला होतो, एक सिलिंडर मरतो. दोन सिलिंडरच्या ४० एचपी इंजिनाचा एक सिलिंडर गेला की भरलेली बोट धारेत तग धरत नाही. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर होतं. त्या धारेत इंजिन बंद पडणं म्हणजे काय, हे सांगलीकरांना वेगळं सांगायला नको.

आणि दुकानात नुसतं "आठ नंबर द्या" म्हणू नका. एनजीके कंपनीत आकडा वाढला की प्लग थंड, चॅम्पियन कंपनीत आकडा वाढला की गरम.

शिवसागर_स्पीडबोट (बामणोली)
दादा, पुराचं मान्य, पण सगळ्यांना एकच माप लावू नका. काजळी धरलेला प्लग पाच मिनिटांत बदलता येतो. पिस्टनला भोक पडलं तर हंगाम गेला.

आमच्याकडे स्पीडबोट प्रवासी भरून पंधरा-वीस मिनिटं सलग ५,००० ते ५,५०० आरपीएमवर चालते. मोटरसायकलला उतार मिळतो, थ्रॉटल सुटतो. आउटबोर्डला पाणी सतत धरून ठेवतं, लोड कमी होतच नाही. शिवाय आता पंपावर ई-२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) मिळतं आणि बहुतेक आउटबोर्ड ई-१० पर्यंतच मान्य केलेले आहेत. कार्ब्युरेटरचा तोच जेट (पेट्रोलचं छिद्र) ठेवला तर नुसत्या पेट्रोलच्या मानाने मिश्रण सात टक्क्यांच्या आसपास लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) होतं.

व्ही-४, व्ही-६ टू-स्ट्रोकला तर मी सरफेस गॅप प्लगच सुचवेन. त्याला बाहेर आलेली अर्थची पट्टी नसते, त्यामुळे लाल होऊन आगाऊ पेटवायला काही उरत नाही. ओएमसी कंपनीच्या जुन्या व्ही इंजिनांच्या पुस्तकात दोन्ही दिलेत: नेहमीच्या वापराला साधा क्यूएल७७जेसी४, सलग हायस्पीडला सरफेस गॅपचा क्यूएल७८व्ही.

कृष्णाकाठ_ओबीएम
म्हणजे पुस्तकानेही निवड वापरावर सोडली आहे, मी तेच म्हणतोय. "सरसकट थंड" असं पुस्तक कुठेच म्हणत नाही.

दुसरं, थंड प्लग सिलिंडर थंड करत नाही, फक्त स्वतःचं टोक थंड ठेवतो. मिश्रण लीन असेल तर नॉकिंग (मिश्रण स्वतःच धडाक्याने पेटणं) होणारच आणि पिस्टनची कड खाल्ली जाणारच, प्लग कितीही थंड असो. ई-२० ला उपाय मेन जेट एक-दोन नंबर मोठा करणं हा आहे. प्लगच्या नंबरने ती चूक झाकायची नाही. सरफेस गॅपला तगडं सीडीआय (ठिणगी देणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) लागतं आणि स्लोवर तो सगळ्यात आधी काजळी धरतो, हेही लिहायला हवं होतं.

मेनजेट_कराड
दोघेही नंबरवर भांडताय, प्लग वाचण्याबद्दल कुणीच बोलत नाही.

नवा प्लग टाका, बोट नेहमीच्या वजनावर घ्या, दोन-तीन मिनिटं फुल थ्रॉटल द्या. मग थ्रॉटल न सोडता किल स्विच ओढा आणि लगेच न्यूट्रल करा. हळूहळू स्लोवर आणून बंद केलं तर प्लग स्लोचाच रंग दाखवतो, फुल थ्रॉटलचा पुसला जातो. एक काळजी घ्या: बोट अचानक थांबली की मागची लाट ट्रान्समवरून (बोटीच्या मागच्या फळीवरून) आत येते. मागे माणसं बसवू नका.

आता चिनीमातीचा भाग भिंग लावून अगदी मुळाशी बघा. तिथे फिकट तपकिरी कडं हवं. पांढरंफटक आणि फोड आलेले असतील तर लीन किंवा टायमिंग पुढे. चिनीमातीवर चंदेरी बारीक ठिपके दिसले तर ते पिस्टनचं ॲल्युमिनियम आहे. तिथेच थांबा, इंजिन पुन्हा चालू करू नका. सगळे प्लग तपकिरी आणि एकच धुतल्यासारखा स्वच्छ असेल, तर त्या सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. हेड गॅस्केट बघा.

सगळेच काळे असतील तर गरम नंबरचा प्लग टाकण्याआधी थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत पाणी अडवणारा व्हॉल्व्ह) तपासा. तो उघडा अडकला की इंजिन तापतच नाही आणि दोष प्लगवर जातो.

शिवसागर भरल्यावर पातळी २,१६३ फूट. इतक्या उंचीवर हवा विरळ, मिश्रण किंचित रिच (पेट्रोल जास्त), ताकद कमी. समुद्रावरचा पंखा तसाच लावला तर इंजिन ठरलेल्या आरपीएमला पोचत नाही, ओढत राहतं, नॉकिंग करतं. पंख्याचं पिच (एका फेऱ्यात पंखा किती पुढे सरकतो ते माप) एक इंच कमी केलं की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. आधी हे जुळवा, नंतर प्लगचा नंबर काढा.

आटे_मिरज
बसवण्यात होणारं नुकसान नंबरच्या चुकीपेक्षा जास्त आहे.

एनजीकेच्या बी८एचएस प्लगमधला एच म्हणजे आट्याची लांबी १२.७ मिमी. त्याच १४ मिमी आट्यात ई, म्हणजे १९ मिमीचा प्लग सहज बसतो आणि थेट पिस्टनला लागू शकतो. शेवटी -१० असेल तर गॅप १.० मिमी. तरी फिलर गेजने बघाच, डबा पडला की गॅप बदलतो. आर असलेला प्लग काढून बिनआरचा टाकू नका. रेझिस्टर नसला की आरपीएम मीटर आणि फिश फाइंडर भरकटतात, सीडीआयलाही त्रास होतो.

इंजिन थंड असतानाच प्लग काढा. गरम ॲल्युमिनियम हेडमधून जोर लावून काढला की आटे सोबत येतात. नवा प्लग रबरी नळीच्या तुकड्यात खोचून हाताने फिरवा. आडवा गेला तर नळी घसरते, आटे वाचतात. टॉर्क पाना असेल तर २५ ते ३० न्यूटन मीटर. नसेल तर वॉशर टेकल्यावर अर्धा ते दोन तृतीयांश फेरा, नवा वॉशर दबेपर्यंत. जुनाच प्लग परत बसवताना साधारण एक बारांश फेरा पुरे.

शिवसागर_स्पीडबोट
आट्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचं ग्रीस) लावायचं राहिलं. ओल्या जागेत वर्षभर न हललेला प्लग निघत नाही.

आटे_मिरज
राहिलं नाही, मुद्दाम लिहिलं नाही. चांगल्या प्लगच्या आट्यांवर आधीच मुलामा असतो, आणि एनजीके स्वतः लावू नका म्हणते. ग्रीस लागलं की घर्षण घटतं, टॉर्क पान्याच्या त्याच आकड्यावर प्लग जास्त ताणला जातो. खाऱ्या पाण्यात चालणारं इंजिन असेल तर नखभर लावा, पहिले दोन आटे कोरे ठेवा आणि टॉर्क पंचवीस ते तीसएक टक्के कमी करा. कोयना आणि कृष्णेचं पाणी गोडं आहे. इथे प्लग वर्षातून एकदा सोडून परत बसवला तरी पुरतं. प्लगच्या टोपीत मात्र डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस हवंच.

नवा_बोटवाला (तापोळा)
इरिडियम टोकाचा प्लग टाकला तर हा वादच मिटणार नाही का?

मेनजेट_कराड
नाही. हीट नंबर इरिडियमलाही असतोच. बारीक टोकामुळे ठिणगीला कमी व्होल्टेज लागतं, स्लोवर थोडा फायदा होतो. पण टू-स्ट्रोकचा प्लग तेलाने खराब होतो, टोक झिजून नाही. त्यामुळे जास्त आयुष्याचे पैसे वाया जातात. गॅप करताना मधलं टोक दाबलं तर तुटतं.

शिवसागर_स्पीडबोट
स्पीडबोटला मी थंड बाजूच धरणार, त्यावर माझं मत बदललेलं नाही. जेट मोठा करूनही सलग फुल थ्रॉटलला मला तेवढी सुरक्षिततेची जागा हवी. पुराच्या बोटीला पुस्तकातला नंबर, हे मान्य. पण त्याहून गरम कुणी टाकू नये, कारण तीच बोट परतताना धारेविरुद्ध फुल थ्रॉटलवर येते.

कृष्णाकाठ_ओबीएम
बरोबर, गरम नकोच. आणि पुराची ओबीएम वर्षातले बरेच महिने पडून असते, तिचा प्लग जुलैत नाही, मे महिन्यात बघायचा. टाकीतलं जुनं ई-२० काढून टाका. त्यात पाणी शिरलं की इथेनॉल पाण्यासोबत तळाशी बसतं, टू-स्ट्रोक ऑइल वर पेट्रोलमध्ये राहतं आणि इंजिन तळातलं बिनतेलाचं ओढतं. नवं पेट्रोल, टीसी-डब्ल्यू३ (बोटीच्या टू-स्ट्रोकचं) ऑइल पुस्तकातल्या प्रमाणात, बहुतेक ठिकाणी ५०:१. पाण्याच्या ड्रममध्ये लोअर युनिट (पंख्याचा खालचा भाग) बुडवून दहा मिनिटं चालवा. बोटीत गॅप करून ठेवलेला प्लगचा एक पूर्ण सेट आणि २०.८ मिमीचा प्लगपाना, दोन्ही दोरीने बांधलेले.