मदत हवी आहे: स्वयंसेवकांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण कोण देईल?

नमस्कार मंडळी. करवीर तालुक्यात ऊसतोड मजुरांच्या खोप्यांवर आम्ही हंगामात मुलांचे वर्ग घेतो. यंदा दिवाळीनंतर कॉलेजची नवी पोरं-पोरी सोबत येणार आहेत. आईबाप पहाटेच फडात जातात, मुलं दिवसभर एकटी. एखादीनं "तो माणूस त्रास देतो" असं सांगितलं तर काय करायचं, हे प्रत्येकाला आधीच माहीत हवं.

२०१२ च्या पॉक्सो कायद्यातलं (मुलांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा) कलम १९ आम्ही सांगतोच: गुन्हा झाल्याचं कळलं किंवा होईल अशी भीती वाटली तरी पोलिसांना कळवणं बंधनकारक, झालेला गुन्हा न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. १०९८ हा मुलांसाठीच्या हेल्पलाइनचा नंबरही सगळ्यांकडे आहे. अडतं ते बोलण्यापाशी. खोदून खोदून न विचारता ऐकायचं कसं, "कुणाला सांगणार नाही" असं वचन का द्यायचं नाही, मुलाच्याच शब्दांत नोंद कशी ठेवायची. हे भाषणानं येत नाही, प्रसंग उभे करून सराव करावा लागतो.

कोल्हापूर-सांगली भागात हे मराठीतून शिकवणारं कुणी आहे का? समाजकार्य कॉलेजचे प्राध्यापक, बालकल्याण समितीवर काम केलेलं कुणी? स्वयंसेवक घेण्याआधी तुम्ही कशी चौकशी करता, तेही कृपया लिहा. आम्ही अख्खा रविवार मोकळा ठेवू, येण्याजाण्याचा खर्च आमच्याकडे.