मदत हवी आहे: रविवारी आईला चर्चला न्यावं का? (आजच सांगा)

घाईत_आहे: येत्या रविवारी चर्चमध्ये प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) आहे आणि आई हट्टाला पेटली आहे, जाणारच म्हणते. आमच्याकडे अजून एकच प्याला सगळ्यांत फिरतो. सध्या निम्मी मंडळी खोकतेय, दोन बाकांवरची माणसं तापाने आडवी आहेत. प्याला पुसून घेतला तर चालतो का? पाळकांशी (चर्चच्या धर्मगुरूंशी) बोलायचं तर आजच बोलावं लागेल. 'घरीच थांबा' एवढंच लिहू नका, तेवढं मलाही कळतं.

जुना_बाक: द्राक्षारसात अल्कोहोल असतं, प्याला चांदीचा असतो. चाळीस वर्षं त्याच प्याल्यातून घेतोय, मला काही झालेलं नाही.

शंकासुर: तुम्हाला झालं नाही ते कळलं काका, तुमच्यानंतर पिणाऱ्याला विचारलंत का? द्राक्षारसात अल्कोहोल साधारण १२-१४ टक्के. सॅनिटायझरमध्ये किमान ६० टक्के लागतं. चांदी जंतू मारते, पण पुढचा माणूस ओठ लावेपर्यंतच्या चार सेकंदांत नाही. फडक्याने पुसून, कड फिरवून दिला तर जंतू कमी होतात, संपत नाहीत. तज्ज्ञ धोका कमी मानतात, पण शून्य म्हणत नाहीत.

मधला_मार्ग: आमच्याकडे भाकर बुडवून घेतात. ते बरं ना?

शंकासुर: भाकरीबरोबर बोटंही बुडतात. आणि बोटं ओठांपेक्षा जास्त ठिकाणी फिरून आलेली असतात. प्रत्येकाला वेगळा छोटा पेला, हाच उपाय. अमेरिकेतल्या काही चर्चनी १८९० च्या दशकात याच भीतीने ते सुरू केले. तेव्हापासूनचा वाद आहे, तुमच्या रविवारपर्यंत मिटेल असं वाटत नाही.

खिडकीवाला: सगळे प्याल्याच्याच मागे का लागलाय? हवा बघा, हवा! १० मार्च २०२० ला अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात, माउंट व्हर्नन गावी एका गायकवृंदाची तालीम झाली. जागा चर्चचाच हॉल. ६१ जण, अडीच तास. दारात सॅनिटायझर होतं, मिठ्या नि हस्तांदोलन टाळलं होतं. तरी आधीच लागण झालेल्या एकाला धरून ५३ जणांना कोविड झाला (काहींचं निदान लक्षणांवरून), दोघं दगावले. गाताना फुप्फुसातून बारीक कण भसाभस बाहेर पडतात आणि बंद खोलीत तरंगत राहतात. कार्बन डायऑक्साइडचा मीटर घ्या. बाहेरच्या हवेत ४२० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ४२०) आसपास दाखवतो, आत ८०० च्या वर गेला की खिडक्या उघडायच्या.

शंकासुर: मीटर विषाणू मोजत नाही.

खिडकीवाला: दुसऱ्यांनी सोडलेला श्वास खोलीत किती उरलाय ते सांगतो. बाकी हिशेब माणसाने करायचा.

वाफारा: जाण्याआधी आणि आल्यावर दहा-दहा मिनिटं वाफ. आमच्या घरात चार वर्षं सर्दी नाही. करून बघा, मग बोला.

दोन_प्रश्न: ताई, आईचं वय काय? आधीचा काही आजार? गर्दी किती असते?

घाईत_आहे: वय ६७. दीडशे माणसं. बाकी आई ठणठणीत आहे. म्हणजे उपचार चालू आहेत, पण हिंडतेफिरते.

दोन_प्रश्न: कसले उपचार?

घाईत_आहे: केमो.

दोन_प्रश्न: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं ना!

घाईत_आहे: मी प्याल्याबद्दल विचारत होते म्हणून नाही लिहिलं. आणि हो, ती कॉयरमध्ये (चर्चच्या गायकवृंदात) आहे, तेही राहिलं.

खिडकीवाला: 🙏

थेट_प्रक्षेपण: उपासना मोबाईलवर दाखवायची असेल तर ट्रायपॉड छातीच्या उंचीला लावा, माइक वेगळा घ्या आणि व्यासपीठामागची खिडकी चौकटीत येऊ देऊ नका, नाहीतर पाळकांची नुसती काळी आकृती दिसते. अनुभवाचे बोल.

रात्रपाळी: कर्करोगाच्या वॉर्डात नर्स आहे म्हणून विचारते, शेवटची केमो कोणत्या तारखेला झाली? बऱ्याच औषधांनंतर ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली जातात. त्या दिवसांत साधा सर्दी-खोकलाही महागात पडतो. ते दिवस सरले की बहुतेकांच्या पेशी पुन्हा चढायला लागतात. त्यामुळे प्याला कोणता यापेक्षा रविवार कितवा दिवस आहे ते आधी मोजा.

घाईत_आहे: मागच्या गुरुवारी झाली. म्हणजे रविवारी अकरावा दिवस?

रात्रपाळी: गुरुवार पहिला धरलात तर अकरावा. दोन्हीकडून मधोमधच. शनिवारी सीबीसी (रक्तातल्या पेशी मोजण्याची तपासणी) करून तिच्या डॉक्टरांना आकडा सांगा, पुढचं तेच ठरवतील. ताप ३८ सेल्सियस (१००.४ फॅरनहाइट) किंवा वर गेला तर सकाळची वाट बघायची नाही, रात्री दोन वाजले तरी फोन करायचा. पॅरासिटामॉल देऊन ताप झाकू नका. घरातल्यांनी फ्लूची लस घेतली आहे का? घेतल्यावर जोर धरायला दोनेक आठवडे लागतात, तेव्हा या रविवारसाठी नाही, पण घ्या.

वाफारा: आणि वाफ?

रात्रपाळी: वाफेने नाक मोकळं वाटतं. विषाणू मरत नाहीत. उकळतं पातेलं मांडीवर सांडून भाजलेली माणसं मात्र पाहिली आहेत.

जुना_बाक: पाळक घरी येऊन प्रभुभोजन देतात की. आमच्या मंडळीत आजाऱ्यांसाठी पूर्वीपासून आहे. प्याल्यावरून भांडण्याआधी हे कोणीच कसं सुचवलं नाही?

शंकासुर: काका, आज तुमच्याशी पूर्ण सहमत. तारीख टिपून ठेवा. फक्त तुमच्याकडे उलट्या-जुलाबांचे रुग्ण असतील तर भाकर मोडणाऱ्याने हात साबण-पाण्याने धुवावेत. नोरोव्हायरस या उलट्या-जुलाबांच्या विषाणूवर सॅनिटायझरचा भरवसा नाही. ज्याला झालाय त्याने बरं वाटल्यावरही दोन दिवस कोणाच्या घरी जाऊ नये.

घाईत_आहे: पाळकांना फोन केला, सोमवारी एकटेच येतो म्हणाले, मास्क लावून. डॉक्टरांनीही रविवारी नकोच म्हटलं, दोन आठवड्यांनी नवीन आकडा बघून, मागच्या बाकावर उघड्या खिडकीशी, एन-९५ लावून बसायला हरकत नाही. कॉयर केमो संपेपर्यंत बंद. आईला हे शेवटचं सांगितल्यापासून ती माझ्याशी बोलत नाहीये.

खिडकीवाला: त्यांची तालीम मोकळ्या जागेत घेता आली तर?

थेट_प्रक्षेपण: म्हणजे रविवारी घरी बघणार ना? मग ट्रायपॉडचं सांगितलं ते लक्षात ठेवा.