मदत हवी आहे: वारंवार येणारा देजा वू हे अपस्माराचे लक्षण असू शकते का?

पानगळ
गेल्या पाच महिन्यांपासून मला आठवड्यातून तीन-चार वेळा देजा वू होतो, म्हणजे समोर चाललेले सगळे आधी अगदी असेच घडून गेले आहे असे वाटते. ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख, नॉर्मल आला. ताणामुळे होत असेल, असे सांगून डॉक्टरांनी मला परत पाठवले. याविषयी वाचायला घेतले की अपस्माराचा उल्लेख येतोच, आणि तेव्हापासून माझे कशातच लक्ष लागत नाही. ज्यांना खरोखर माहिती आहे त्यांनी एवढेच सांगावे की हा अपस्मार असू शकतो की नाही. ताण कमी करण्याचा सल्ला कृपया देऊ नये.

मोकळा श्वास
निरोगी माणसांपैकी साधारण दोन तृतीयांश लोकांना आयुष्यात कधी ना कधी देजा वू झालेला असतो. पंधरा ते पंचवीस या वयात तो अधिक होतो आणि पुढे कमी होत जातो. परीक्षेच्या जागरणांत मलाही तो सतत होत असे. झोप नियमित झाल्यावर आपोआप थांबला. ईईजी नॉर्मल आहे, तेव्हा काळजीचे कारण मला तरी दिसत नाही. महिनाभर वेळेवर झोपून पाहावे.

अवलोकन
मला अकरा वर्षांपासून टेम्पोरल लोबचा, म्हणजे मेंदूच्या कानाजवळच्या भागाचा, अपस्मार आहे आणि त्याची सुरुवात देजा वूनेच झाली होती. तुमच्या प्रश्नाचे उत्तर 'असू शकतो' असे आहे, पण नुसत्या 'आठवड्यातून तीन-चार वेळा' यावरून त्यापुढे काहीच सांगता येणार नाही. तुमचे वय काय? अनुभव किती सेकंद टिकतो? तो दर वेळी हुबेहूब सारखाच असतो का? त्याच वेळी पोटातून काही वर चढल्यासारखे वाटणे, अकारण भीती, नसलेला वास किंवा तोंडात विचित्र चव, यांपैकी काही होते का? ईईजी जागेपणी काढला की झोपेत? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे त्या क्षणी जवळ असलेल्या माणसाने काय पाहिले?

मोकळा श्वास
अवलोकन, आधीच घाबरलेल्या माणसापुढे लक्षणांची यादी ठेवली की त्याला ती सगळी जाणवू लागतात. तपासणी नॉर्मल आल्यावरही शंका पेरत राहणे मला योग्य वाटत नाही.

अवलोकन
घाबरवण्याचा हेतू नाही, परंतु तुमच्या म्हणण्यातला एक भाग चुकीचा आहे आणि तो तसाच राहू देणे मला धोक्याचे वाटते. नेहमीचा ईईजी वीस-तीस मिनिटांचा असतो आणि झटका बहुधा त्या वेळात येतच नाही. शिवाय टेम्पोरल लोबचा आतला भाग डोक्यावर लावलेल्या इलेक्ट्रोडपासून खोलवर असतो, त्यामुळे तिथला लहान झटका चालू असतानाही आलेखात काही न उमटणे शक्य आहे. माझे पहिले दोन्ही ईईजी नॉर्मल होते. तिसरा आदल्या रात्री जागवून, दिवसा झोपेत काढला, तेव्हा दोष दिसला. नॉर्मल ईईजीने अपस्मार नाकारता येत नाही.

जुने पान
या चर्चेत थोडी इतिहासाची भर घालतो. ह्यूलिंग्ज जॅक्सन या इंग्लिश मेंदूविकारतज्ज्ञांनी एकोणिसाव्या शतकातच या अनुभवाला 'स्वप्नवत अवस्था' म्हटले होते. 1888 साली त्यांनी 'झेड' या अक्षराने ओळखल्या जाणाऱ्या एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली. हा रुग्ण स्वतः डॉक्टर होता. एका आजाऱ्याला तपासत असताना त्याला झटका आला, तरी त्याने तपासणी पुरी केली आणि डाव्या फुप्फुसाच्या तळाशी न्यूमोनिया असल्याचे निदान लिहून ठेवले. भानावर आल्यावर त्याला यातले काहीही आठवत नव्हते. म्हणूनच जवळच्या माणसाने काय पाहिले, हा अवलोकन यांचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो.

नंदादीप
घरात कुणाला मोठी फिट आली तर तोंडात चमचा, बोट किंवा पाणी घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत, कुशीवर वळवावे आणि घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत फिट थांबली नाही तर तातडीने रुग्णवाहिका बोलवावी. हे कुणी विचारलेले नाही, याची मला कल्पना आहे. पण माझ्या भावाच्या वेळी आमच्या घरात एकालाही हे ठाऊक नव्हते.

पानगळ
मी हो किंवा नाही एवढेच विचारले होते, तरी उत्तरे देते. वय 29. अनुभव अर्धा-पाऊण मिनिट टिकतो, आणि हो, दर वेळी सारखाच असतो. आधी पोटातून काहीतरी उसळून छातीपर्यंत येते. ते भीतीमुळे होत असेल असे समजून मी लिहिले नव्हते. कॉलेजात असतानाही वर्षातून एखाद-दोन वेळा असे होत असे. ईईजी दुपारी, जागेपणी काढला. गेल्या महिन्यात जेवताना मी बोलायची थांबले, ओठ चाटत राहिले आणि बाहीचे टोक चाळवत होते, असे नवरा म्हणतो. मला वाटते मी विचारात असेन. तापात आकडी आल्यामुळे लहानपणी मी रुग्णालयात होते, असे आई सांगते. कामावर मी गाडी चालवत जाते, पण त्याचा इथे काय संबंध?

अवलोकन
पानगळ, संबंध आहे. निदान होईपर्यंत गाडी चालवू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. बोलता बोलता थांबणे, ओठ चाटणे, हाताने कपडा चाळवणे आणि नंतर ते न आठवणे, हे टेम्पोरल लोबच्या झटक्याचे ठरावीक वर्णन आहे. देजा वू हा झटक्याचा इशारा नसून स्वतःच एक छोटा झटका असू शकतो; तो आसपास पसरला की भान हरपते. लहानपणी तापातली आकडी बराच वेळ चालली असेल तर हिप्पोकॅम्पसला, म्हणजे टेम्पोरल लोबमधल्या स्मृतीशी संबंधित भागाला, इजा झालेली असू शकते. त्यासाठी अपस्माराच्या दृष्टीने काढलेला एमआरआय लागतो. हे निदान नव्हे, ते मेंदूविकारतज्ज्ञच करतील. परंतु इथे लिहिलेले सगळे त्यांना सांगा. तुमच्या डॉक्टरांना यातले किती सांगितले होते?

मोकळा श्वास
ओठ चाटण्याचा प्रसंग आधी माहीत असता तर मी झोपेचा सल्ला देऊन थांबलो नसतो. माझे पहिले मत मी मागे घेतो. झोप मात्र सांभाळा, कारण जागरणाने झटके वाढतात, हे अवलोकनही मान्य करतील.

सायंतारा
मला लॅमोट्रिजीन हे अपस्मारावरचे औषध उत्तम लागू पडले. थेट तेच मागावे.

अवलोकन
सायंतारा, कृपया असे सुचवू नये. त्याचा डोस अनेक आठवडे हळूहळू वाढवावा लागतो, घाई केल्यास अंगावर गंभीर पुरळ येऊ शकते. कोणते औषध द्यायचे, हे वय, इतर औषधे आणि गर्भधारणेचा विचार यांवर ठरते. औषधांनी साधारण दोन तृतीयांश रुग्णांचे झटके थांबतात. माझे चार वर्षे थांबलेले आहेत.

पानगळ
डॉक्टरांना मी फक्त देजा वू सांगितला होता. मेंदूविकारतज्ज्ञांची वेळ गुरुवारची मिळाली आहे आणि गाडीची किल्ली नवऱ्याकडे दिली आहे. त्याने पाहिलेले सगळे तारखेसह लिहून काढायला मी त्याला सांगितले होते. त्याने तीन प्रसंग लिहून दिले. मला त्यांतला एकच माहीत होता.