एआय ट्यूटर आला म्हणून सेटरला घरी बसवायचं?

भोसरीचा_सेटर
परवा इथे एका साहेबांनी लिहिलं होतं की प्लांटमधलं ट्रेनिंग डिपार्टमेंट आता बंद केलं तरी चालेल, पोराच्या हातात टॅब द्या, त्यात एआय ट्यूटर टाका, पंधरा दिवसात सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा ऑपरेटर तयार. खाली वाहवा करणाऱ्यांची रांग. मी सेटर, म्हणजे मशीनला टूल आणि प्रोग्रॅम लावून पहिला पीस काढून देणारा. वाचून डोकं फिरलं म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्याकडे काही लेथवर फानुक कंपनीचं कंट्रोल, म्हणजे मशीन चालवणारा कॉम्प्युटर आहे, काहींवर सीमेन्सचं. मागच्या बॅचमधल्या एका पोराने, पोरगा हुशार बरं का, मोबाईलवर एआयला विचारलं की प्रोग्रॅममधला जी 71 हा कोड म्हणजे काय. उत्तर आलं, रफिंग सायकल, म्हणजे जादा धातू थराथराने काढायचा. पायरीपायरीने समजावलेलं, वाचायला झकास. फानुकच्या लेथवर ते बरोबरच आहे. पण पोरगा उभा होता सीमेन्सपुढे, आणि तिथे जी 71 म्हणजे मापं मिलिमीटरमध्ये. कंट्रोल कुठलं हे त्याने सांगितलं नाही, कारण कंट्रोलप्रमाणे कोड बदलतो हेच त्याला ठाऊक नव्हतं. नवख्या माणसाला काय विचारायचं तेच कळत नसतं हो, आणि समोरच्यानेही उलट विचारलं नाही. शेजारी माणूस उभा असला की तो मशीनकडे बघून बोलतो, एवढा साधा फरक आहे.

दुसरं म्हणजे पहिला पीस. सिंगल ब्लॉक चालू, म्हणजे प्रोग्रॅम एकेका ओळीवर थांबतो, रॅपिड, म्हणजे टूलची मोकळी धाव, कमी केलेली, बोट टूल थांबवायच्या फीड होल्ड बटणावर, आणि डोळे एकदा स्क्रीनवर आणि एकदा टूल आणि जॉबमधल्या फटीवर. स्क्रीन म्हणते अजून 40 मिलिमीटर जायचंय आणि फट दिसतेय जेमतेम 5 ची, म्हणजे ऑफसेट, मशीनला दिलेलं टूलचं माप, चुकलाय, थांबव. हे त्या सेकंदाला खांद्यावर हात ठेवून शिकवावं लागतं. टॅब खिशात असतो तेव्हा.

एलअँडडी_पुणे
दादा, राग समजला. पण तुमच्यासारखे सेटर किती शॉपमध्ये आहेत? मी आज एलअँडडीत, म्हणजे ट्रेनिंग विभागात असले तरी ट्रेनी इंजिनिअर म्हणून लागले तेव्हा माझं ट्रेनिंग म्हणजे "बघून शिका मॅडम". टूल नोज रेडियस कॉम्पेन्सेशन, म्हणजे टूलच्या गोल टोकाची भरपाई, कशासाठी देतात असं विचारलं तर सगळ्या लाईनसमोर सेटरकडून उत्तर मिळालं, "मग कॉलेजात काय केलं?" त्यानंतर मी विचारणंच सोडलं. लाईनवर मुलगी मी एकटीच. आज तशा मुलीला रात्री घरी बसून तोच प्रश्न दहादा विचारता येतो, मराठीत विचारता येतो, आणि कोणी हसत नाही. तुम्हाला ही किरकोळ गोष्ट वाटेल, मला नाही वाटत.

आणि पुरावा नाही असंही नाही. 2023 मध्ये एका मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीच्या कस्टमर सपोर्टमधल्या पाच हजारांवर लोकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एआयची मदत मिळाल्यावर ताशी सुटणाऱ्या तक्रारी सरासरी 14 टक्क्यांनी वाढल्या, नवख्यांच्या तर 34 टक्क्यांनी. जुन्या अनुभवी लोकांना जवळपास काहीच फरक पडला नाही. सिस्टीम बंद पडली तेव्हासुद्धा ती वापरलेले लोक आधीपेक्षा बरं काम करत होते, म्हणजे नुसती कुबडी नव्हती, काहीतरी डोक्यात राहिलं होतं.

रात्रपाळी
तोच अभ्यास अजून थोडा वाचा ना ताई. त्या एआयला शिकवलं कशावर? त्याच कंपनीतल्या चांगल्या एजंटांच्या जुन्या संभाषणांवर. जुन्या लोकांच्या डोक्यातलं काढून नव्यांना दिलं. ज्यांचं काढलं त्यांना काय मिळालं? आमच्याकडेपण एक टीम आली होती, कॅमेरा लावून जुन्या फिटरचं काम शूट करून नेलं, नंतर त्याचा कॉन्ट्रॅक्ट रिन्यू नाही.

आणि इथे सगळे ट्रेनिंग ट्रेनिंग करताय, ट्रेनिंग मिळतं कुणाला? अप्रेंटिस म्हणून वर्ष काढलंय मी. काम काय, तर जॉब चकमध्ये, म्हणजे मशीनच्या पकडीत लाव, बटण दाब, काढ, कडेला राहिलेली बर घास, ट्रेमध्ये ठेव. प्रोग्रॅम बदलायला लागते ती एडिटची किल्ली शेवटपर्यंत हातात दिली नाही. 2019 च्या नियमात आयटीआय पास पोराला किमान 7000 रुपये महिना, त्यातले 25 टक्के, जास्तीत जास्त 1500, सरकारच भरतं. 7000 मध्ये चाकणला खोली आणि डबा करून दाखवा आणि मग एआयचं बोला.

नाशिक_वर्कशॉप
झालं, आलं खापर मालकावर. अंबडला माझ्या चार मशीन आहेत. पोराला मी स्वतः उभं राहून शिकवतो. शिकताना दोन इन्सर्ट, म्हणजे टूलची कापणारी टोकं, फोडतो, एखादा जॉब रिजेक्ट करतो, ते माझ्या खिशातून. हात बसला की दोन हजार जास्त मिळतात म्हणून पुण्याला पळतो, फोनपण उचलत नाही. मग मी टॅब का देऊ नये? टॅब पळून जात नाही.

रात्रपाळी
दोन हजार तुम्हीच वाढवले असते तर पळाला असता का? त्याच्या जागी तुमचा मुलगा असता तर काय सांगितलं असतं त्याला?

नाशिक_वर्कशॉप
माझ्या मुलावर जाऊ नका. आमच्याकडून पार्ट घेणारी कंपनी रेट दरवर्षी कमी करून मागते, स्टीलचा भाव वाढलेला, विजेचं बिल बघा एकदा. दोन हजार कुठून आणू? मोठ्या प्लांटवाल्यांना विचारा, तयार पोरं ते उचलतात आणि शिकवायचा खर्च आमच्यासारख्यांच्या माथी. 30 किंवा जास्त माणसं असली की अडीच ते पंधरा टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात हा कायदा आहे, पण घेतलेल्याला काय शिकवलं ते कोण बघतं?

रात्रपाळी
हे मात्र खरं बोललात. कोणीच बघत नाही. लॉगबुक शेवटच्या आठवड्यात एका बैठकीत भरून घेतलं आमचं. 2025 मध्ये अप्रेंटिसचा स्टायपेंड 5000 ते 9000 वरून 6800 ते 12300 करायची शिफारस झाली तेव्हा सगळ्या ग्रुपवर पेढे वाटले पोरांनी, शिकवण्याबद्दल एक ओळ कोणी लिहिली नाही.

एलअँडडी_पुणे
धागा एआयवर होता.

रात्रपाळी
एआयवरच बोलतोय. ज्याला एडिटची किल्ली देत नाहीत त्याला एआयने प्रोग्रॅमिंग शिकवून उपयोग काय?

बँकेतली_काकू
मी तुमच्या मशीनमधली नाही पण राहवलं नाही म्हणून लिहिते. आमच्या बँकेत केवायसी, सायबर फ्रॉड, पॉश म्हणजे लैंगिक छळाविरुद्धचा कायदा, सगळे कोर्स ऑनलाइन, मार्चच्या आत पूर्ण करायचे. काउंटरवर पेन्शनरांची रांग आणि मागे व्हिडिओ आपला चालू. आता नवीन प्रकार, कोर्सचे प्रश्न एआयने काढलेले आणि आमची नवी पोरं उत्तरंही एआयला विचारून भरतात. सगळे पास, शंभरपैकी शंभर. त्याच आठवड्यात एक आजोबा डिजिटल अरेस्टच्या, म्हणजे खोट्या पोलिसांच्या, फोनला घाबरून एफडी मोडायला आले. नवीन मुलगी फॉर्म पुढे करत होती, तिच्याच कोर्समध्ये हे होतं. शेजारच्या हेड कॅशियरने आजोबांचा चेहरा आणि कानाला लावलेला फोन बघितला आणि आत बसवून पाणी दिलं, म्हणून पैसे वाचले.

स्टुटगार्टहून
इथली पद्धत सांगतो, मी मशीनिंगमध्येच आहे. इथे कटिंग मेकॅनिकची अप्रेंटिसशिप साडेतीन वर्षांची, आठवड्यातले एक-दोन दिवस व्होकेशनल शाळा, बाकी कंपनीत. मुद्दा हा की शिकवणाऱ्यालासुद्धा शिकवायचं कसं याची परीक्षा पास व्हावी लागते. नुसता चांगला टर्नर आहे म्हणून कोणी ट्रेनर होत नाही. एआय आमच्याकडेही आलंय. सीरियातून आलेला एक पोरगा ड्रॉइंगवरची टीप आधी त्यातून समजून घेतो, मग ट्रेनरकडे जातो. त्याचा वेळ वाचतो, ट्रेनरचाही.

नाशिक_वर्कशॉप
साहेब, तिकडचं इकडे सांगून उपयोग नाही. साडेतीन वर्षं कोण पोसणार?

स्टुटगार्टहून
साडेतीन वर्षं नका पोसू. पण शिकवणाऱ्याला शिकवा, त्याला तर टॅबपेक्षा कमी खर्च येईल. एलअँडडी मॅडमचा जो अपमान झाला तो मशीनचा दोष नव्हता, त्या सेटरला कोणी कधी शिकवायला शिकवलं नव्हतं.

भोसरीचा_सेटर
ताईंना जे बोललं गेलं ते चुकीचंच, त्यात दुमत नाही. आणि घरी बसून ड्रॉइंगच्या खुणा, टॉलरन्स म्हणजे मापातली चालणारी सूट, कोड पाठ करायला एआय वापरायला माझी ना नाही. खरं सांगायचं तर आमच्या इंग्रजी मॅन्युअलपेक्षा पोरांना ते जास्त समजतं. एवढं मान्य.

पण टॅब घेतला की पुढच्या मीटिंगला काय होतं ते मी बघितलंय. "आता ट्रेनिंग टॅबवर होतंय ना, मग सेटरला शिकवायला वेळ कशाला?" आणि माझ्या शिफ्टचं टार्गेट वाढतं. मी एका पोराजवळ तासभर उभा राहिलो तर माझे तेवढे पीस कमी, आणि संध्याकाळी त्याचा जाब मलाच. आजही पोराने एक्स 50 लिहून पुढचा दशांश पॉइंट विसरला आणि पॅरामीटर तसा लावलेला असला तर कंट्रोल ते 50 मिलिमीटरऐवजी 50 मायक्रॉन, म्हणजे 0.05 मिलिमीटर वाचतं, आणि ते मला लांबून दिसत नाही. मला जवळ जायला वेळ पाहिजे. एआयवाल्यांनी तो वेळ मला मिळवून दिला तर मी स्वतः टॅबचा प्रचार करतो.

एलअँडडी_पुणे
टॅब मी काढणार नाही, हे आधीच सांगते. पण शिकवण्याचा तास टार्गेटमधून वजा व्हायला हवा हे पटलं. तुमच्या शिफ्टमध्ये एका नवीन पोरामागे किती पीस कमी होतात तो आकडा मला लिहून पाठवा, आमच्याकडे टॅबच्या बजेटची मीटिंग आहे तिथे दोन्ही एकत्र मांडते. एक मंजूर आणि दुसरं नामंजूर असं होऊ देणार नाही.

रात्रपाळी
आणि एडिटची किल्ली. तीपण त्याच कागदावर लिहा.