मदत हवी आहे: ऑइल पंपाच्या झाकणाला ओ-रिंगची खाच

जुनीबीटल: ऑइल पंपाच्या झाकणातून गळती आहे. कागदी गॅस्केट तीनदा बदललं, तरी सकाळी फरशीवर तळहाताएवढा डाग असतोच. आता कागद काढून खाच पाडायची आणि ओ-रिंग (रबराची गोल रिंग) बसवायची. खोली-रुंदी किती ठेवू? भोसरीत एका वर्कशॉपवाल्याने 'एकच पीस करत नाही' म्हणून परत पाठवलं. शनिवारी गाडी हवी आहे, लवकर सांगा.

व्हीएमसीवाला: इंजिन कुठलं? झाकणाची जाडी?

जुनीबीटल: आयडीवरून कळेल असं वाटलं. फोक्सवॅगन बीटल, १६०० सीसी, एअरकूल्ड. झाकण जाड आहे, ॲल्युमिनियमचं.

लेथकाका: लेथवर (काम गोल फिरवून कापायचं मशीन) मारा, अर्ध्या तासाचं काम. मी जीपच्या फिल्टर हाउसिंगला केलंय, आजवर थेंब नाही.

व्हीएमसीवाला: काका, फिल्टर गोल असतो. इथे दोन गिअर शेजारी-शेजारी, खाच लंबगोल जाणार. व्हीएमसीच (कॉम्प्युटरवर चालणारं मिलिंग मशीन) लागेल. १.७८ मिमी जाडीची रिंग धरा: खोली १.३३, रुंदी २.४. प्रेशर आतून आहे, तेव्हा रिंग बाहेरच्या भिंतीला टेकली पाहिजे. व्हायटॉनचीच (तेल आणि उष्णता सोसणारं रबर) घ्या.

कोथरूडकर: ऑइल २०डब्ल्यू५० टाका. पातळ ऑइल जुन्या इंजिनाला चालत नाही.

जुनीबीटल: तेच आहे. प्रश्न खाचेचा आहे.

पेठेतला: खाच कशाला? नाना पेठेत स्पेअरच्या दुकानात नवा पंपच विचारा. नाहीतर सीलंट लावा.

मामा६८: सीलंट जास्त झालं की आत सुटतं आणि ऑइलच्या वाटेत अडकतं, ते नको. पण कागद नुसता काढू नका! गिअर आणि झाकण यांच्यातली फट त्या कागदाच्या जाडीवरच असते. पंपावर सरळपट्टी ठेवा, फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पाती) घाला. कागदाशिवाय ०.१० मिमीच्या वर गेलं तर झीज आहे. झाकणाच्या आतल्या बाजूवरून नखही फिरवा.

जुनीबीटल: आत्ता काढून पाहिलं. ०.१५ ची पात सहज जाते. झाकणावर गिअरची दोन वर्तुळं उमटलीत, नख अडकतं.

मामा६८: मग ओ-रिंगच बरी. बॉडीचा फेस (झाकण टेकतं ती बाजू) ०.१० उतरवा, फट ०.०५ राहील, कागद लागणारच नाही. झाकण आधी सपाट करून घ्या, खाच त्यानंतर. आधी पाडलीत तर तिची खोली कमी होईल.

लेथकाका: फेसिंग लेथवर होईल.

व्हीएमसीवाला: होईल, पण डायल गेज लावून, सरळ बसवून. स्टड (झाकण आवळायचे बोल्ट) आणि गिअरचं भोक यांच्यामध्ये मटेरियल किती आहे? खाच बसायला हवी.

जुनीबीटल: मोजायला व्हर्निअर कॅलिपर नाही. सकाळी शेजाऱ्यांकडून आणून मोजतो.