अमेरिकन इम्प्रेशनिस्ट चित्रकारांच्या चर्चेत ट्वॉक्टमन राहिला की!

‘अमेरिकन इम्प्रेशनिस्ट (बदलता प्रकाश आणि रंग टिपणारे चित्रकार) म्हणजे फ्रेंच चित्रकार मोनेची नक्कल’ असं एक मत असतं. अमेरिकन चित्रकार चाइल्ड हॅसमच्या झेंड्यांच्या चित्रांबाबत ते एक वेळ चालेल, पण जॉन ट्वॉक्टमनला नाही चालणार. हा १८५३ साली सिनसिनाटीत जन्मला. वडील खिडक्यांचे पडदे रंगवायचे. म्युनिकला शिकला तेव्हाची चित्रं पाहा, काळपट तपकिरी, रंगाचे जाड थर. मग पॅरिसला गेला आणि रंग एकदम पातळ, राखाडी झाले. १८८५ चं ‘आर्क-ला-बताय’ हे चित्र बघून धूसर रंगांचा अमेरिकन चित्रकार व्हिसलरच आठवतो.

पण खरी मजा कनेटिकटमधल्या ग्रिनिचला. तिथे शेत घेऊन राहिला आणि आपलंच घर, आपलाच ओढा, तोच धबधबा पुन:पुन्हा रंगवत बसला. त्याचं बर्फ तर बघतच राहावं! पांढऱ्यावर पांढरं, मधेच किंचित जांभळट झाक. जमीन कुठे संपते कळत नाही. मोनेसारखा ऊन-सावलीचा हिशोब नाहीच तिथे, नुसती शांतता. (छापील प्रतीत यातलं निम्मं उडून जातं.)

शेवटी मॅसॅच्युसेट्समधल्या ग्लॉस्टरला बंदरं रंगवताना काळा रंग परत आला, हातही भरभर चालू लागला. १९०२ मध्ये तिथेच गेला, अवघ्या ४९व्या वर्षी.